बंद कंपनीच्या टाकीतलं पाणी

दिंडोरी रोडला द्राक्षबागा मागे टाकत गेलं की डाव्या हाताला एक लहानशी औद्योगिक वसाहत लागते. तिच्या अगदी शेवटच्या प्लॉटवर स्टेनलेस स्टीलचा माल ॲसिडने धुऊन देणारी एक कंपनी होती. वेल्डिंग होऊन, भट्टीतून निघून काळे पडलेले पाइप नि टाक्या तिथं यायच्या आणि ॲसिडच्या हौदातून निघाल्या की चांदीसारख्या चकाकायच्या. वायनरीवाले, डेअरीवाले, औषध कंपन्या, सगळ्यांचा माल तिथं यायचा. तो धुऊन जे पाणी उरायचं, ते स्नेहल आहेरच्या वाट्याला यायचं.

स्नेहल नामपूरची. घरी कांद्याची आडत. केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून ती नाशिकला आली, पंचवटीत भाजीबाजाराच्या मागे एक खोली घेतली आणि या कंपनीत सांडपाण्याच्या प्लांटची, म्हणजे सगळे ज्याला ईटीपी म्हणत त्याची, प्रमुख झाली. प्रमुख म्हणायचं एवढंच. तिच्या हाताखाली दोनच माणसं होती. एक कारभारीकाका, पन्नाशी उलटलेले, शेजारच्याच गावचे ऑपरेटर. दुसरा सुनील गावित, सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला आलेला आणि मग कंपनीतच हेल्पर म्हणून राहिलेला. तो बायको मोहिनी आणि लहान मुलीबरोबर कंपनीमागच्या नाल्याकाठी, पत्र्याच्या खोल्यांच्या चाळीत राहायचा.

हौदात दोन ॲसिडं असायची. एक नायट्रिक. दुसरं हायड्रोफ्लोरिक, त्याला कामगार नुसतं एचएफ म्हणत. सरकारी परवानगी फक्त पहिल्याची होती. दुसऱ्यामुळे माल निम्म्या वेळात निघतो म्हणून मालकांनी ते गुपचूप सुरू केलं होतं. तेव्हापासून पाण्यात फ्लोराइड यायला लागलं. ते दिसत नाही, त्याला वास नाही. विहिरीत उतरलं की वर्षानुवर्षं पोटात जात राहतं. आधी दात पिवळे पडतात, मग हाडं धरतात.

स्नेहलने त्याच्यावर चुन्याचा उपाय काढला होता. चुन्यातलं कॅल्शियम पाण्यातल्या फ्लोराइडला धरतं, दोघांचे पांढरे बारीक कण होतात आणि ते जड होऊन तळाला बसतात. एकट्या चुन्याने पुरेसं उतरत नाही म्हणून तिने मागून कॅल्शियम क्लोराइड आणि तुरटीची दुसरी फेरी बसवली होती. खाली बसलेला गाळ दाबून, त्याच्या वड्या करून विषारी कचऱ्याच्या डेपोत पाठवायचा आणि वरचं निवळ पाणी सोडायचं. बाहेर जाणारं पाणी तिने कधीच मर्यादेबाहेर जाऊ दिलं नव्हतं आणि याचा तिला अभिमान होता.

"सर, एचएफ कागदावर आणा," असं ती मॅनेजर शेखर निकमना सुरुवातीला सारखं म्हणायची.

"तुझं पाणी स्वच्छ जातंय ना? मग झालं तर."

हळूहळू तिनेही म्हणणं सोडलं. पाणी स्वच्छ जात होतंच.

त्या दिवशी ती पाण्याचे नमुने घेऊन शहरातल्या लॅबला गेली होती. एका मोठ्या ऑर्डरची घाई चालली होती. शेखरने जुना हौद एकदम ईटीपीच्या टाकीत रिकामा करायला लावला. असा हौद रोज थोडा थोडा सोडायचा असतो. नवा हौद भरायला माणसं कमी पडली म्हणून सुनीलला ईटीपीतून ॲसिडच्या लाइनवर घेतलं. एचएफचा कॅन तिरका करताना त्याच्या हातातून निसटला आणि ॲसिड मांडीवर, पोटावर सांडलं.

फार दुखलं नाही. या ॲसिडची तीच तर खोड आहे. सुनीलने नळाखाली मांडी धुतली, पँट बदलली आणि "काय नाय झालं" म्हणत पुन्हा कामाला लागला. जेवणाच्या सुट्टीत त्याला घास गिळवेना. दुपारी तो भिंतीला टेकून बसला आणि विव्हळायला लागला. शेखरने त्याला स्वतःच्या गाडीत घातलं आणि पंचवटीतल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नेलं.

स्नेहल परतली तेव्हा कारभारीकाका गेटवरच उभे होते. त्यांनी झालं ते सांगितलं. तिने तिथूनच स्कूटर वळवली.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये शेखर फोनवर बोलत होता. तिला पाहून त्याने फोन खिशात टाकला.

"तू कशाला आलीस? मी आहे ना इथं."

"डॉक्टरांना काय सांगितलंय?"

"ॲसिड सांडलं म्हणून. नायट्रिक."

"सर, एचएफ होतं ते. त्याला कॅल्शियम द्यायला हवं. आत्ताच्या आत्ता."

"हळू बोल." शेखर तिच्या जवळ आला. त्याचा चेहरा घामेजला होता. "एकदा ते नाव कागदावर आलं की कंपनीला कुलूप. तुला माहितीये. आणि जखम बघ तरी, नुसतं लाल झालंय. उद्या घरी जाईल तो."

"उद्यापर्यंत त्याचं हृदय चालायला पाहिजे ना, सर."

ती त्याच्या बाजूने आत गेली. कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टरीण होती. स्नेहलने ॲसिडचं नाव सांगितलं, किती कडक होतं ते सांगितलं, कुठे कुठे सांडलं ते सांगितलं. डॉक्टरीण हातातलं काम टाकून तिच्याकडे वळली.

"कधी झालं हे?"

"सकाळी."

"आणि मला आत्ता कळतंय?" असं म्हणून ती सिस्टरना हाका मारत धावली.

सुनील कडेच्या खाटेवर होता. मोहिनी पायाशी उभी होती, पोरगी तिच्या कडेवर झोपली होती. सुनीलच्या मांडीवर खरंच फारसं काही दिसत नव्हतं. कातडी पांढुरकी झाली होती आणि कडेने लाल.

"मॅडम," तो दात आवळून म्हणाला, "वरून काय दिसत नाय, पण आत हाडाला कुणी करवत लावलीय."

"औषध आणताहेत. थोडा दम धरा, सुनीलभाऊ."

"चुना लावा ना मॅडम. पाण्याला लावता तसा."

ते ॲसिड माणसाच्या अंगात शिरलं की तेच करतं. त्याला कॅल्शियम हवं असतं, आणि टाकीत चुना मिळतो तसा शरीरात मिळाला नाही की ते रक्तातलं, हाडातलं ओढून घेतं. मग हृदयाला आकुंचन पावायला काही उरत नाही.

"तेच लावताहेत," ती एवढंच म्हणाली.

कॅल्शियमची इंजेक्शनं दिली, जखमेत दिली, शिरेतून दिली. डॉक्टरीण त्याच्यापासून हलली नाही. पण मधले तास वाया गेले होते ते गेलेच. उजाडायच्या आत सुनील गेला.

पुढच्या दिवसांत माणसं चौकशीला यायला लागली. पोलीस, मग कारखाना तपासणीचे अधिकारी. स्नेहलने अजून जबाब दिला नव्हता. तेव्हा एका संध्याकाळी शेखर तिच्या खोलीवर आला. चपला दारातच काढून पलंगाच्या कडेला अवघडून बसला.

"मी काही धमकी द्यायला आलो नाही," तो म्हणाला. "साहेब मोहिनीला नोकरी द्यायला तयार आहेत. सुनीलच्या जागेवर, ईटीपीत. कायमची. तू फक्त नायट्रिक म्हण. हॉस्पिटलमध्ये घाबरून भलतंच बोलून गेले, असं म्हण."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर कंपनी बंद. मग ती कुठली नोकरी करणार? कारभारी कुठं जाणार? पोरं आहेत सगळ्यांची." मग तो म्हणाला, "माझीसुद्धा."

तो गेल्यावर तिने नामपूरला आईला फोन लावला, पण काय झालंय ते सांगितलं नाही. जेवलीस का, एवढंच आईने विचारलं. दुसऱ्या दिवशी स्नेहलने जबाब दिला. कोणतं ॲसिड, केव्हापासून, कुणाच्या सांगण्यावरून, सगळं. स्वतःला हे माहीत होतं हेही तिने सांगितलं. अधिकाऱ्याने वर पाहिलं. "हे लिहू का?" त्याने विचारलं. ती हो म्हणाली.

कंपनीला सील लागलं. वीज तोडली, पाणी तोडलं. मालक नाशिकमधून नाहीसे झाले. कामगार एक दिवस गेटसमोर बसून राहिले आणि मग ज्याच्या त्याच्या वाटेने गेले. कुणी स्नेहलला शिवी दिली नाही. फक्त समोर आली की बोलणं थांबायचं. कारभारीकाकांनी तिचा फोन उचलणं बंद केलं.

दहाव्याचे विधी उरकून मोहिनी सुरगाण्याहून परत आली असं कळलं, तेव्हा स्नेहल नाल्याकाठच्या चाळीत गेली. मोहिनी चुलीपुढे बसली होती. तिने पाट सरकवला, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"ताई, तुम्ही खरं बोलल्या," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "चांगलं केलं. तो कशानं गेला ते माझ्या पोरीला मोठेपणी सांगता येईल. आता मी काय करू, ते पण सांगा."

स्नेहलने गावाकडच्या शेताचं विचारलं.

"गावी शेत हाय खडकाळ. नागली होते, ती चार म्हयने पुरते. सासू हाय तिथं. म्हणून तर हिकडं आलेलो. नोकरी देनार होते म्हणं."

"हो. देणार होते."

"मग तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

मोहिनीने लाकूड आत सारलं. स्नेहल बराच वेळ बसली. निघताना तिने तांब्यातलं पाणी प्यायलं, कारण न पिता उठणं बरं दिसलं नसतं.

त्यानंतर आठवडाभराने कारभारीकाकांचा फोन आला.

"मॅडम, एक सांगायचंय. मला राहवत नाय म्हणून सांगतो." ते दम खाऊन बोलत होते. "वॉचमन सोमाला भेटायला गेलो होतो. गेटातून मागं डोकावलो. आपल्या कच्च्या पाण्याच्या टाकीची पातळी उतरलीय."

"किती?"

"चांगली हातभर. पंप बंद, वीज नाय. एवढं पाणी उन्हानं उडत नाय. गेलं कुठं मग?"

ती टाकी म्हणजे जिच्यात शेखरने अख्खा हौद रिकामा केला होता. दुसऱ्याच दिवसापासून काम थांबलं, मग वीज गेली, आणि ते पाणी चुन्याचा कणही न लागता तसंच पडून राहिलं. टाकीच्या आतल्या फरशा जागोजाग निखळल्या होत्या. त्या बसवायला ती वर्षभर सांगत होती. फरशीमागे सिमेंट. ॲसिड सिमेंट खातं. टाकीच्या मागे कंपाउंड, कंपाउंडच्या मागे नाला, नाल्याच्या काठी चाळीची विहीर.

तिने सील लावणाऱ्या कार्यालयात फोन केला. ज्या साहेबांकडे फाइल होती ते दौऱ्यावर होते. दुसऱ्या दिवशी ती स्वतः अर्ज घेऊन गेली. टेबलामागच्या माणसाने तो नीट वाचला. बाई म्हणताहेत ते गंभीर आहे, असंही म्हणाला. पण सील वरच्या आदेशाने लागलंय, तेव्हा ते उघडायलाही वरचाच आदेश लागेल.

"तोवर टाकी झिरपत राहील," स्नेहल म्हणाली.

"आदेश येईपर्यंत सीलला हात लावू नका, मॅडम. तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

बाहेर येऊन तिने शेखरला फोन केला. त्याने ऐकून घेतलं.

"मी आता त्या कंपनीत नाही," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "चुन्याच्या खोलीला नुसती कडी आहे. मागच्या बाजूला कंपाउंडचा पत्रा सैल आहे. मी काही बोललो नाही." आणि फोन ठेवून दिला.

विहिरीचं पाणी पिऊ नका हे सांगायला ती आधी चाळीत गेली. बाया जमल्या. मग कुठलं प्यायचं, असं एकीने विचारलं. टँकरसाठी अर्ज करू, असं स्नेहल म्हणाली. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मोहिनी मागे उभी होती. सगळ्या पांगल्यावर ती पुढे आली.

"तेच इष हाय का? त्याला लागलं ते?"

"तेच. पातळ झालेलं, पण तेच."

"आमी तर रोज पितोय." तिने पोरीकडे पाहिलं. पोरगी ओट्यावर बसून खरकट्या ताटलीत पाणी खेळत होती. "आता काय करनार तुम्ही?"

"आत जाऊन टाकीत चुना टाकणार. मी आणि कारभारीकाका."

"मी येते."

"नको, मोहिनीताई. धूर येतो, अंगावर उडतं. तुमच्यामागे ही पोर आहे."

"ती तेच पाणी पिते," मोहिनी म्हणाली आणि पोरगी शेजारणीकडे द्यायला निघाली.

सकाळी तिघं मागच्या पत्र्यातून आत गेली. सोमा वॉचमनने त्यांना पाहिलं आणि तो गेटकडे तोंड करून खुर्चीत बसून राहिला. कारभारीकाकांनी पुतण्याचा ट्रॅक्टर आणला होता, द्राक्षांवर फवारणी करायची पाण्याची टाकी लावलेला. कंपनीत थेंबभर पाणी नव्हतं. कंपाउंडच्या भगदाडातून नळी आत ओढून त्यांनी रिकामी पिंपं भरली. बागेतले जुने बांबू ढवळायला आणले होते. स्नेहलने तिघांनाही मास्क, चष्मे, रबरी हातमोजे दिले. गमबूट मोहिनीच्या मापाचे नव्हते. तिने आत चिंध्या कोंबल्या.

टाकीवर गेल्या गेल्या घसा खवखवायला लागला. पाणी गढूळ हिरवं होतं. कडेच्या भिंतीवर जुन्या पातळीची ओली रेघ दिसत होती आणि पाणी तिच्या बरंच खाली. एका कोपऱ्यात फरशा पडून आतलं सिमेंट उघडं पडलं होतं, सडलेल्या दाढेसारखं.

"वारं पाठीवर घ्या," स्नेहल म्हणाली. "एकदम ओतायचं नाही. चुना पडला की ते तापतं, उसळतं. थोडं ओतायचं, ढवळायचं, थांबायचं."

पिंपात चुना कालवायचा, ताकासारखा झाला की बादलीने टाकीत सोडायचा, दोघांनी बांबूने ढवळायचं. एरवी हे काम मोटर करायची. पहिल्या बादल्यांना टाकीने फसफस केली आणि पिवळसर वाफ वर आली. तिघं मागे सरली. वाफ विरली की पुन्हा पुढे. मोहिनीने चुन्याच्या गोण्या अशा उचलल्या की कारभारीकाका बघत राहिले. द्राक्षाचे क्रेट वाहून वाहून तिच्या खांद्यांना ते नवं नव्हतं. स्नेहल मधून मधून ॲसिड मोजायची कागदाची पट्टी बुडवून बघायची. पट्टी लालच यायची.

"नायच उतरत का?" काका म्हणाले. त्यांचे खांदे भरून आले होते.

"खूप आहे काका. अख्खा हौद आहे आत."

त्यांनी भाकऱ्या आणल्या होत्या. हात कितीतरी वेळा धुऊन तिघांनी भिंतीच्या आड बसून खाल्ल्या. काका म्हणाले, "मी तुमच्यावर रागावलो होतो, मॅडम. अजून हाय थोडा." आणि त्यांनी लोणच्याची पुडी तिच्या पुढे सरकवली.

उन्हं कलायला लागली तेव्हा पट्टी पहिल्यांदा पिवळी आली, मग हिरवट. टाकीतलं पाणी आता दुधात माती कालवल्यासारखं झालं होतं. मग स्नेहलने कॅल्शियम क्लोराइड टाकायला लावलं आणि शेवटी तुरटीचं पाणी. ते मात्र हळूहळू ढवळायचं होतं. बांबू फिरत राहिले आणि पाण्यात पिठाच्या गोळ्यांसारखे कण धरायला लागले. ते फिरत फिरत खाली जाताना दिसत होते.

मोहिनी बांबू धरून वाकून बघत होती.

"ते खाली बसलं म्हंजे मेलं का?"

"मरत नाही," स्नेहल म्हणाली. "धरलं जातं. आता पाण्यात सहज सुटायचं नाही, एवढंच."

"आनि त्याला दिलं असतं हे येळेवर?"

स्नेहलने तिच्याकडे पाहिलं. चष्म्यामागे मोहिनीचे डोळे लाल होते, पण ते चुन्यानेही झाले असतील.

"कदाचित वाचला असता."

मोहिनीने मान हलवली आणि पुन्हा ढवळायला लागली. थोड्या वेळाने तिचा बांबू थांबला. ती टाकीच्या कठड्याला धरून खाली बसली आणि मास्कच्या आत ओरडून रडली. सुनील गेल्यापासून तिला रडताना स्नेहलने पाहिलं नव्हतं. कारभारीकाका पलीकडे तोंड करून उभे राहिले. स्नेहल तिच्या शेजारी बसली, पण तिला हात लावायला तिचा हात उठला नाही. त्यावर चुना होता.

दोन दिवसांनी काका पुन्हा डोकावून आले. पाणी निवळलं होतं आणि पातळी तिथंच होती. गाळाने तळ लिंपला गेला असावा. स्नेहलने नमुना तपासून घेतला. फ्लोराइड खूप उतरलं होतं. सोडण्याइतकं नव्हे, पण मूळच्या मानाने खूपच. तिने विहिरीचंही पाणी तपासायला दिलं होतं. तो निकाल वाईट आला. मर्यादेच्या कितीतरी वर. लॅबमधली बाई म्हणाली, काही दिवसांच्या झिरपण्याने जमिनीतून एवढं पोचणं कठीण आहे. हे बरंच जुनं असणार.

म्हणजे टाकी आधीपासून गळत होती. स्नेहल पुढच्या नळातून निघणारं स्वच्छ पाणी तपासून समाधानाने सही करायची, तेव्हाही मागच्या भिंतीतून ते जातच होतं. चाळीत गेली त्या दिवशीचा तांब्या तिला आठवला. त्यात काही चव नव्हती.

विहिरीवर फळी टाकून वर दगड ठेवले. काही दिवस टँकर आला, मग यायचा बंद झाला. चाळीतल्या बाया बागाईतदारांच्या बोअरवर रांग लावायला लागल्या. फवारणीच्या दिवसांत तिथंही नकार यायचा. दोन-तीन घरांनी फळी सरकवून पुन्हा पोहरा सोडला.

टाकी उघड्यावर धुमसत होती तोवर कुणी आलं नव्हतं. पण सील मोडल्याची तक्रार मात्र लगेच झाली. कुणी केली ते कळलं नाही. स्नेहल आणि कारभारीकाकांवर गुन्हा दाखल झाला. पोलिसांनी विचारलं, आणखी कोण होतं? दोघंच होतो, असं स्नेहलने सांगितलं. काकांनीही तेच सांगितलं. नाशिकमधल्या कंपन्यांत तिचं नाव तोवर फिरलं होतं. मुलाखतीला बोलवायचे, नाव ऐकून कळवतो म्हणायचे. वडील खोली सोडून नामपूरला ये म्हणत होते. केसच्या तारखांसाठी ती थांबली होती.

एका सकाळी पोलीस ठाण्यात सहीसाठी गेली, तर बाहेरच्या बाकावर मोहिनी बसलेली. छाटणीच्या कामावरून सरळ आली होती, ओढणीला द्राक्षाची पानं चिकटली होती.

"तुम्ही इथं कशाला?"

"माझं नाव का नाय घेतलं?"

"घेऊन काय करायचं होतं? तुम्हाला कोर्टाच्या खेपा नकोत म्हणून. मुलीचा विचार करा, मोहिनीताई. घरी जा."

"इचार करूनच आले." मोहिनी उठली. "तो गेला तर कंपनीवाले म्हणत होते, तो त्या ॲसिडपाशी नव्हताच, त्याच्या अंगावर ते पडलंच नाय. आता मी पन नव्हते म्हनता. आमी कधी नसतोच का?"

स्नेहलने तिला अडवलं नाही. ती आत गेली आणि टेबलापुढे उभी राहिली. हवालदाराने नाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, ते लिहिताना त्याचा हात थोडा मंदावला.

"सील मोडून आत गेलात तेव्हा काय केलंत?"

"चुना कालवला. टाकीत ओतला. दिवसभर ढवळलं. पानी हिरवं होतं ते पांढरं झालं, मग खाली बसलं."

"आणि मग?"

"मग घरी गेलो," मोहिनी म्हणाली. "घरी प्यायला पानी नव्हतं."

हवालदाराने ते लिहिलं की नाही, हे स्नेहलला मागून दिसलं नाही. त्याने कागद फिरवून मोहिनीपुढे केला आणि अंगठा की सही, असं विचारलं. मोहिनीने पेन मागितलं.